सुईत दोरा जात होता

आमच्या अब्बांना वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवता यायचा. दुकानातली पोरं दोऱ्याचं टोक तीन-तीनदा ओलं करून वळत बसायची आणि अब्बा नाकावर चाळिशी चढवून, सुई दाराच्या उजेडाकडे धरून, एका दमात काम उरकायचे. "डोळे साबूत आहेत, अल्हम्दुलिल्लाह," असं ते म्हणायचे आणि आम्हीही तेच म्हणायचो. ज्या दिवसांत आम्ही हे म्हणत होतो, त्याच दिवसांत त्यांचा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता आणि उजवा त्याच वाटेला लागला होता. त्यांना ते माहीत नव्हतं. आम्हाला तर नव्हतंच.

हे लिहिणारी आम्ही तीन भावंडं आहोत. थोरली आपा लग्न होऊन इचलकरंजीला असते. मधला भाऊ तासगावात अब्बांच्याच शिलाईच्या दुकानात बसतो. धाकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिघांनी मिळून लिहायचं कारण असं की चूकही तिघांनी मिळून केली. दोन वर्षं आमच्या डोळ्यांसमोर जे घडत होतं, त्याला आम्ही रोज एक नवीन कारण चिकटवत राहिलो.

अब्बांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा ग्लास कलंडायचा. आम्ही म्हणायचो, घाई करतात. मशिदीतल्या वुजूखान्याच्या पायरीवर त्यांचा पाय दोनदा चुकला. आम्ही म्हटलं, फरशी ओली असेल. रस्त्याच्या डाव्या बाजूने कुणी हात वर करून सलाम केला तर अब्बा सरळ पुढे जायचे. पेठेत लोक हसून म्हणायचे, दर्जीसाहेब मोठे झाले, आता ओळख देत नाहीत. मोपेड त्यांनी आपणहून बंद केली. म्हणाले, गर्दी फार वाढली. नातू खेळताना डावीकडून धावत आला आणि त्यांच्या पायात आला की ते त्याच्यावर ओरडायचे, "मध्येच कुठून उगवतोस रे?" जो माणूस आम्हा तिघांवर कधी आवाज चढवून बोलला नाही, तो नातवावर ओरडतो, याचं आम्हाला वाईट वाटायचं. वय झालं की माणूस चिडका होतो, अशी आम्ही समजूत घालून घेतली.

डोळे दाखवले नाहीत असंही नाही. गावात मोफत शिबिर झालं, तेव्हा अब्बा रांगेत उभे राहिले. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ त्यांनी वाचली. चष्म्याचा नंबर बदलला. "मोतिया सुरू होतोय, पिकला की बघू," असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य घरात आलं. मग पुढचं वर्षभर ग्लास सांडला काय आणि पाय चुकला काय, आमच्याकडे एकच उत्तर तयार असायचं: मोतिया आहे, पिकला की ऑपरेशन करू.

त्या उत्तराला पहिला तडा घरातल्या लेकराने दिला.

भावाची मुलगी तेव्हा आठवीत होती. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला होता आणि तो तिला घरातल्या प्रत्येकावर करून बघायचा होता. वाचकहो, तुम्हीही करून बघा. कोऱ्या कागदावर एक छोटी फुली काढा. तिच्या उजवीकडे, साधारण तीन इंचांवर, वाटाण्याएवढं काळं टिंब काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर आला की टिंब नाहीसं होतं. आणखी जवळ आणलं की परत दिसू लागतं. डाव्या डोळ्यासाठी कागद खालचा वर असा फिरवून घ्या, म्हणजे फुली उजवीकडे आणि टिंब डावीकडे येईल.

कारण सोपं आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी असतात: मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे बारा कोटी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे साठ लाख. त्यांनी टिपलेलं सगळं सुमारे दहा लाख बारीक तंतूंच्या एका जुडग्यातून मेंदूकडे जातं. ती दृष्टीची नस. ही नस पडद्याच्या ज्या ठिकाणाहून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. म्हणजे धडधाकट माणसाच्याही प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका असतोच. सतराव्या शतकात फ्रान्सच्या मारियोत यांनी तो दाखवून दिला. त्याआधी हजारो वर्षं माणसं तो ठिपका डोळ्यात घेऊन वावरली, पण कुणाला जाणवला नाही. कारण ते भोक मेंदू भरून काढतो. आजूबाजूला पांढरा कागद असेल तर तिथेही पांढरा कागदच आहे असं आपल्याला वाटतं. काळं भोक दिसत नाही. काहीतरी दिसत नाहीये, हेच दिसत नाही.

त्या दिवशी मगरिबनंतर घरात हा खेळ रंगला. अम्मीचं टिंब गेलं आणि आलं. भावाचं गेलं, आलं. वहिनी हसत म्हणाली, जादू आहे. मग नातीने कागद अब्बांसमोर धरला. उजवा डोळा झाकून, डाव्या डोळ्याने अब्बा फुलीकडे बघत होते.

"टिंब कुठाय?" ते म्हणाले.

"अजून लांब आहे दादाजान. आधी टिंब दिसेल, मग जाईल."

तिने कागद जवळ नेला, लांब नेला. "नुसती फुली काढलीस की," अब्बा म्हणाले.

"नीट बघा ना दादाजान!" ती वैतागली. तिला वाटलं, ते चेष्टा करताहेत. अब्बा चेष्टा करत नव्हते. बाकी सगळ्यांचं टिंब जाऊन परत येत होतं. अब्बांचं मुळात आलंच नाही.

आम्ही हसलो, हे इथे कबूल करतो. रात्री मात्र भावाला झोप आली नाही. सकाळी त्याने दोघी बहिणींना फोन केले आणि त्या आठवड्यात आम्ही अब्बांना मिरजेला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला. अब्बांनी आरामात वाचला. मग एका यंत्राने डोळ्यातला दाब मोजला. हा दाब साधारणपणे १० ते २१ असतो, आणि तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. अब्बांच्या डाव्या डोळ्यात ३४ आणि उजव्यात २७ होता. मग थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या आणि मागची नस तपासली. शेवटी दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक ठिणगी चमकली की हातातलं बटण दाबायचं. आम्ही बाहेर बसून बटणाचा आवाज ऐकत होतो. उजव्या डोळ्याच्या वेळी टक, टक, मग शांतता, मग टक. डाव्या डोळ्याच्या वेळी बराच वेळ नुसती शांतता होती.

छापून आलेला नकाशा डॉक्टरांनी समोर ठेवला. डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ सगळं काळं होतं आणि मधोमध आठ आण्याएवढा पांढरा तुकडा उरला होता. उजव्या डोळ्याच्या वर्तुळात नाकाच्या बाजूला, म्हणजे पुन्हा डावीकडेच, काळोख शिरला होता. चहाचा ग्लास, वुजूखान्याची पायरी, पेठेतले सलाम, पायात येणारा नातू, सगळे त्या काळ्या भागात होते. आणि सुईचं नाकं त्या पांढऱ्या तुकड्यात. म्हणून सुईत दोरा जात होता.

डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे.

अब्बांनी विचारलं, "म्हणजे काला मोतिया ना? मग पिकला की काढता येईल?"

हा प्रश्न आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आमच्या बोलीत मोतीबिंदूला मोतिया म्हणतात आणि काचबिंदूला काला मोतिया. नावं सख्ख्या भावांची, पण आजार वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. धुकं पडल्यासारखं दिसतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरतात, रंग फिके होतात. ते भिंग काढून नवं बसवलं की नजर बहुधा परत येते, आणि आता त्यासाठी 'पिकण्याची' वाटही बघावी लागत नाही. काचबिंदूत भिंग स्वच्छ असू शकतं. मरते ती नस. आणि मेलेला तंतू आजवर कुणाला परत जिवंत करता आलेला नाही.

डॉक्टरांनी आम्हाला घरातल्या मोरीचं उदाहरण दिलं. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होतं आणि डोळ्याच्या कोनातल्या बारीक जाळीतून वाहून जातं. हे अश्रूंचं पाणी नव्हे, ते बाहेरचं, हे आतलं. नळ चालू आणि मोरीची जाळी तुंबत चाललेली, असं झालं की पाणी साठतं. डोळा बंद गोळा असल्याने आतला दाब वाढतो आणि तो मागच्या नाजूक नसेवर पडतो. तंतू कडेकडेने मरत जातात, म्हणून नजरही आधी कडेची जाते. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. एका डोळ्यातली उणीव दुसरा भरून काढतो आणि दोन्हींची उणीव मेंदू भरून काढतो. मधली नजर बहुधा अगदी शेवटी जाते. काही लोकांचा दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस खराब होते, म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही बघावी लागते.

"गेलं ते गेलं," डॉक्टर म्हणाले. "आता जे आहे ते राखायचं."

घरी आल्यावर धाकटीने एक गोष्ट सांगितली. ती शाळेत मुलांना इब्न अल्-हैसम यांच्याबद्दल सांगते. जन्म बसऱ्याचा, सुमारे ९६५ सालचा. शेवटची वर्षं कैरोत गेली आणि सुमारे १०४० मध्ये तिथेच निधन झालं. त्यांच्या आधी युक्लिड आणि टॉलेमीसारखे मोठे ग्रीक विद्वान मानत होते की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. इब्न अल्-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले. सूर्याकडे बघितलं की डोळा दुखतो, या साध्या अनुभवावरही विचार केला आणि सांगितलं की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. त्यांचा 'किताब अल्-मनाझिर' हा ग्रंथ सात भागांचा आहे. त्याचं लॅटिन भाषांतर झालं, १५७२ मध्ये ते बाझलला छापलं गेलं आणि युरोपच्या अभ्यासकांनी ते वाचलं. पुढे १६०४ मध्ये केप्लर यांनी डोळ्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते हे समजावून दिलं.

पण धाकटीला सांगायचं होतं ते वेगळंच. इब्न अल्-हैसम यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती: प्रकाश डोळ्यात पोचला म्हणजे बघणं पुरं झालं असं नाही. आपण जे 'दिसलं' म्हणतो, त्यातलं पुष्कळसं आत होणारा अंदाज असतो, आणि तो इतक्या झटपट होतो की आपण अंदाज केला हेच आपल्याला कळत नाही. धाकटी म्हणाली, "अब्बांचा मेंदू दोन वर्षं अंदाजाने चालवत होता. आणि आपणही."

त्यावर घरात कुणी काही बोललं नाही.

औषध म्हणून दोन प्रकारचे थेंब मिळाले. एक सकाळ-संध्याकाळ, दुसरा फक्त रात्री झोपताना. आयुष्यभर. थेंब टाकून नजर सुधारत नाही, म्हणून माणसाला फायदा जाणवत नाही, आणि फायदा जाणवत नाही म्हणून थेंब सुटतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तीन महिने सगळं नीट चाललं. उजव्या डोळ्याचा दाब १७ वर आला. मग रमजान आला.

आमच्या घरी रमजानमध्ये अब्बांचा मान मोठा. सेहरीला सगळ्यांना तेच उठवतात. दुकानात ईदच्या कुर्त्यांची रीघ, तरी तरावीह चुकत नाही. महिनाभर आम्ही त्यांच्या खजुराची, सरबताची, आरामाची काळजी घेतली. थेंबांबद्दल एकदाही विचारलं नाही. ईदनंतर पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा उजव्या डोळ्याचा दाब २८ निघाला. डॉक्टरांनी अब्बांकडे बघितलं. अब्बांनी मान खाली घातली.

"थेंब टाकला की घशात कडू लागतं," ते हळू आवाजात म्हणाले. "रोजा मकरूह होईल, तुटेल, अशी शंका यायची. म्हणून महिनाभर बाजूला ठेवले." दिवसाचे ठेवले म्हणून रात्रीचेही ठेवले. एकदा सवय मोडली की मोडली.

नव्या नकाशात उजव्या डोळ्याच्या भागात आणखी एक काळा चौकोन आला होता. तो त्याच महिन्यात आला की आधीपासून येत होता, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. पण ज्या डोळ्यावर अब्बांचं सगळं उरलेलं आयुष्य, मशीन, मुसहफ, नातवंडांचे चेहरे अवलंबून होते, तो डोळा आम्ही महिनाभर उघडा टाकला होता. त्यांच्या दीनदारीला दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. दोष आमचा. त्यांच्या मनातली शंका आम्हाला विचारावीशीही वाटली नाही.

भावाने त्याच संध्याकाळी मशिदीतल्या मौलानांना गाठलं. ते म्हणाले, डोळ्यात औषध टाकल्याने हनफी फिकहप्रमाणे रोजा तुटत नाही, चव घशात जाणवली तरी. दुसऱ्या काही मसलकांत याबाबत वेगळं मत आहे, म्हणून ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. मग ते थोडे रागावून म्हणाले, "तीस दिवस माझ्या मागे नमाज पढलात. एकदा विचारलं असतंत तर?"

डॉक्टरांनीही दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, दिवसातून दोनदाचा थेंब सेहरीच्या आधी आणि इफ्तारनंतर घेता येतो, रात्रीचा तर रात्रीच असतो. म्हणजे ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनाही औषध सोडायची गरज पडत नाही. फक्त वेळा आपल्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्याव्यात. दुसरी, डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळेच, आणि थेंब घशात कडू लागतो तोही तिच्यामुळेच. थेंब टाकल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटाने दोन मिनिटं हलके दाबून धरला की औषध घशात फारसं उतरत नाही आणि डोळ्यात जास्त टिकतं. आता अब्बा तसंच करतात. आणखी एक: काचबिंदूच्या काही थेंबांनी दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

काचबिंदू घराण्यात चालतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला असेल तर धोका पुष्कळ वाढतो. डॉक्टरांनी आम्हा तिघांना तपासून घ्यायला सांगितलं, तरी आम्ही चार महिने टाळलं. आपाला सासरी काय सांगायचं हा प्रश्न होता, भावाला दुकान सोडवत नव्हतं, धाकटीच्या शाळेत परीक्षा होत्या. खरं कारण भीती. शेवटी आपानेच दोघांना दटावलं आणि एके रविवारी तिघं गेलो. आपा आणि धाकटी सध्या ठीक आहेत, दर वर्षी दाखवायचं आहे. भावाच्या नसेवर सुरुवातीच्या खुणा निघाल्या. वय त्रेचाळीस. नजर पूर्ण शाबूत, तक्रार एकही नाही. त्याचेही थेंब सुरू झाले. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा डोळा गेला, पण याचा वेळेत कळला. शुक्र आहे."

त्या फेऱ्यांत घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली. अम्मीला बारा वर्षांपासून साखरेचा आजार. तिच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाझर सुरू झाला होता आणि तिलाही काही जाणवलेलं नव्हतं. साखर असेल त्याने दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. आणि आमची प्रयोगवाली नात! तिला फळ्यावरचं नीट दिसतच नव्हतं. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. घरी का बोलली नाही, तर तिने मोठ्यांचं बोलणं ऐकलं होतं: मुलीला चष्मा लागला तर पुढे रिश्ता जमायला अडचण येते. आठवीतल्या मुलीने हे मनात धरून दोन वर्षं फळा न बघता काढली. ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं होतं, हे आम्ही इथे लिहीत नाही, कारण ते आमच्या तिघांपैकी एकाच्या तोंडून निघालं होतं.

चार माणसांना मिळून तीन वेगळे विकार होते, आणि चौघांतल्या एकाचीही तक्रार नव्हती. म्हणूनच हा लेख. तक्रार आली की डोळे दाखवू, हा हिशेब डोळ्यांच्या बाबतीत चुकतो. दिसतंय म्हणजे डोळे ठीक आहेत, असा त्याचा अर्थ नाही.

आम्ही डॉक्टर नाही. पण एवढं प्रत्येक घरात व्हावं असं आम्हाला वाटतं. चाळिशी लावायची वेळ आली की दुकानातून नुसता चष्मा उचलू नका, त्या निमित्ताने डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग असतो. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग दुसरा झाकून पहिल्याने, समोरचं दार पूर्ण दिसतं का बघा. याने तपासणीची गरज संपत नाही, पण एका डोळ्याची उणीव लपून राहायला अवघड जाते. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नका. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं आणि ते बरेच दिवस टाकलं तर त्यानेच दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. डोळा एकाएकी खूप दुखू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. सुरम्याबद्दल सांभाळून लिहितो, कारण त्याच्याशी आपल्या भावना जोडलेल्या आहेत. पण बाजारातल्या काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे आणि ते विषारी आहे. कशापासून बनवला हे माहीत नसलेला सुरमा लहान मुलांच्या डोळ्यात तरी घालू नका. आणि पोरांना रोज थोडा वेळ उघड्यावर, उन्हाच्या उजेडात खेळू द्या. लांबचं न दिसण्याचा विकार त्याने कमी मुलांना जडतो, असं अभ्यासात दिसून आलं आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट शेवटी. घरातलं म्हातारं माणूस धडपडलं, सांडलं, चिडलं, तर कारण आपण ठरवू नका. जवळ बसून विचारा.

अब्बा आता एकोणसत्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांत उजव्या डोळ्याचा नकाशा बदललेला नाही. दुकानात आम्ही त्यांचं मशीन फिरवून ठेवलं, दार आता त्यांच्या उजव्या हाताला येतं. कात्री आणि चहा उजवीकडे. मशिदीत ते सफच्या डाव्या टोकाला, भिंतीलगत उभे राहतात, म्हणजे त्या बाजूने कुणी अचानक येत नाही. पेठेतल्या लोकांना भावाने एकेक करून सांगितलं, आता ते उजवीकडून येऊन सलाम करतात. नातवावर ओरडणं थांबलं आहे. पोरगंही शिकलंय, दादाजानजवळ जाताना आधी आवाज देतं.

रोज रात्री इशाच्या नमाजनंतर नात दोन बाटल्या घेऊन येते, एक दादाजानची, एक तिच्या वडिलांची. चष्मा तिच्या नाकावर असतो आणि तो तिला छान दिसतो. बाप-लेक शेजारी शेजारी मान मागे टाकून बसतात, ती थेंब टाकते, दोघं डोळ्यांचे कोपरे दाबून धरतात आणि ती घड्याळाकडे बघून दोन मिनिटं मोजते. अब्बा मध्येच डोळा उघडू बघतात.

"अजून नाही झालं दादाजान," ती म्हणते.

ते पुन्हा डोळा मिटतात.